हा उंदीर कोणत्या मधुमेहाचा? धुळे जिल्ह्यातल्या एका एम. फार्म. प्रबंधाचं प्रकरण

धुळे जिल्ह्यातल्या एका फार्मसी महाविद्यालयातली विद्यार्थिनी एम. फार्म.च्या तिसऱ्या सत्रात होती. तिने प्राणी नीती समितीपुढे प्रस्ताव ठेवला. विषय होता, बिबळ्याच्या लाकडाच्या अर्काचा मधुमेहविरोधी परिणाम. बिबळा म्हणजे विजयसार. सातपुड्यातही हे झाड आहे आणि साक्री-पिंपळनेरच्या पश्चिमेला डांगच्या जंगलातही. त्याच्या गाभ्याच्या लाकडाचे पेले विकायला येतात. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी रंग उतरलेलं ते पाणी अनशापोटी प्यायचं. खान्देशात ‘शुगर’ निघालेल्या घरांत हा पेला पुष्कळदा दिसतो.

त्या समितीवर मी बाहेरच्या संस्थेतली शास्त्रज्ञ म्हणून होते. अशी समिती सोपस्कार म्हणून नसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार, तिच्या मंजुरीशिवाय एका उंदरालाही सुई टोचता येत नाही. समितीवर पशुवैद्य असतो, विज्ञानाबाहेरचा एक सदस्य असतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. तरीही बऱ्याच ठिकाणी चर्चा पिंजऱ्यांची संख्या आणि प्राण्यांचा अंत कसा करणार एवढ्यावरच उरकते. प्रयोगातून उत्तर मिळणार आहे का, हे विचारायचं राहून जातं. ज्या प्रयोगातून उत्तरच मिळणार नाही त्यात प्राणी मारणं हीच मला सगळ्यात मोठी क्रूरता वाटते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

प्रस्तावात काय होतं

विस्टार जातीचे ४२ उंदीर, सात गट, प्रत्येकी सहा. एक गट निरोगी, एक मधुमेही पण औषधाविना, एक ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळीचा, तीन गट मेथॅनॉल या द्रावकाने काढलेल्या अर्काच्या वाढत्या मात्रांचे. सातव्या गटाला आधी सात दिवस अर्क पाजायचा आणि मग स्ट्रेप्टोझोटोसिन टोचायचं. या गटाचं नाव ‘संरक्षक परिणाम’. आधीच्या तुकड्यांच्या प्रबंधांत असा गट असायचा आणि निकालही छान यायचा, म्हणून तो ठेवला होता.

मला अडवलं ते या सातव्या गटानेच. पण आधी स्ट्रेप्टोझोटोसिन काय करतं ते सांगायला हवं.

हे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून मिळालेलं रसायन. १९६३ मध्ये त्याचा मधुमेह घडवणारा गुण प्रसिद्ध झाला. त्याच्या रेणूला ग्लुकोजचा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचं ग्लूट-२ हे दार त्याला आत घेतं. आत गेल्यावर ते पेशीच्या डीएनएची मोडतोड करतं. दुरुस्तीच्या धावपळीत पेशीला ऊर्जेसाठी लागणाऱ्या एनएडी या रेणूचा साठा संपतो आणि ऊर्जेअभावी ती मरते. मोठी मात्रा एकदा दिली की काही दिवसांत उंदराची साखर चढते आणि बहुधा चढलेलीच राहते. माणसाच्या बीटा पेशींवर ग्लूट-२ फारच कमी असतं, त्यामुळे माणूस या विषाला फारशी दाद देत नाही. हेच रसायन स्वादुपिंडाच्या काही गाठींवर औषध म्हणून माणसाला देतात.

म्हणजे हा उंदीर विषबाधा झालेला आहे. त्याच्या बीटा पेशी मेल्या म्हणून त्याची साखर वाढली. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, पोटात चरबी साठते, वर्षानुवर्षं सावकाश बिघाड होत जातो, यातलं त्याच्यात काहीही नाही.

आता सातवा गट बघा. अर्क आधी पाजला, मग विष टोचलं आणि साखर कमी वाढली. त्याचा अर्थ काय? अर्काने मधुमेह बरा केला, असा नक्कीच नाही. विष पेशीपर्यंत पोचण्याआधी किंवा पोचल्यावर अर्काने त्याची धार बोथट केली, इतकाच. वनस्पतींच्या बहुतेक अर्कांत ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं असतात, म्हणून असा निकाल पुष्कळ अर्कांना मिळतो. पण आप्पांना, म्हणजे या मुलीच्या वडिलांना, कोणी विष टोचलेलं नाही. दहा वर्षांपूर्वी आजार सुरू झाला आणि आता ते पेला पितात. आधीच्या संरक्षणाचा त्यांना काय उपयोग?

याच झाडाच्या इतिहासात हे एकदा घडून गेलेलं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय संशोधकांनी लिहिलं की, बिबळ्याच्या सालीतलं एपिकॅटेचिन हे द्रव्य ॲलोक्सानने मधुमेही केलेल्या उंदरांच्या बीटा पेशी पुन्हा उगवून आणतं. ॲलोक्सान हे स्ट्रेप्टोझोटोसिनहून जुनं विष, १९४३ पासून वापरात. त्या लेखाने जगभर आशा निर्माण झाली. मग इतर देशांतल्या गटांनी तेच करून पाहिलं. मधुमेह पक्का झालेल्या उंदरांना एपिकॅटेचिन दिलं, तर फरक पडेना. ॲलोक्सानच्या आधी दिलं, तर मात्र संरक्षण दिसलं. ॲलोक्सानचा मारा ऑक्सिजनच्या उग्र रेणूंमार्फत होतो, ते रेणू पकडणारं द्रव्य आधीच रक्तात असेल तर बीटा पेशी वाचणारच. त्यात हेही धरायला हवं की ॲलोक्सान दिलेले उंदीर काही वेळा आपोआप सुधारतात. ‘पेशी उगवल्या’ हा दावा इथे अडकून राहिला.

विद्यार्थिनीच्या संदर्भसूचीत पहिला लेख होता, त्याला उत्तर देणारे लेख नव्हते. ते तिला मिळवून दिले तेव्हा ती रात्रभर वाचत बसली असावी. दुसऱ्या दिवशी तिने येऊन विचारलं, “मॅडम, मग मी सातवा गट काढला की प्रश्न सुटेल का?” नाही, प्रश्न सुटत नव्हता, कारण उरलेले सहा गटही त्याच उंदरावर उभे होते.

आप्पांचा आजार

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि वडिलांना आपला प्रयोग समजावून सांगितला. कापूस-मक्याची शेती, अंगाने काटक माणूस. सगळं ऐकून आप्पांनी विचारलं, “तुन्हा उंदीरले मन्हाच रोग शे का, माय?”

तिने हे समितीला सांगितलं. ऐकून सगळे शांत झाले, कारण इतक्या नेमक्या शब्दांत तो प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता.

आप्पांचा रोग कसला? वजन कमी, पण पोट किंचित पुढे. उपाशीपोटी साखर जेमतेम चढलेली, जेवणानंतरची मात्र बरीच. अशी माणसं आपल्याकडे फार आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या या ठेवणीवर आयुष्यभर काम केलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणं दिली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन पुरुष आतून किती वेगळे असू शकतात! गर्भातलं कुपोषण आणि नंतरची सुबत्ता यांचा यात हात आहे, असं याज्ञिक मांडत आले. पुण्यातल्या संशोधकांनी ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या विस्टार उंदरांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे दोन पिढ्यांना पुरेसं खायला दिलं तरी त्यांच्या चयापचयातला बिघाड गेला नाही. आपल्या भागातल्या मधुमेहाला इतका जवळचा दुसरा प्राणी मला माहीत नाही. पण ५० पिढ्या कोणत्याही प्रबंधात मावत नाहीत.

मग उरलं काय? दुकानात मिळणारे जनुकीय उंदीर आहेत. ओबी/ओबी मूषकात (मूषक म्हणजे प्रयोगशाळेतला छोट्या जातीचा उंदीर) लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक तयार होत नाही, डीबी/डीबी मूषकात त्याचा संदेश घेणारा ग्राहक-रेणू बिघडलेला असतो. लेप्टिन १९९४ मध्ये सापडलं ते याच मूषकांमुळे, तेव्हा त्यांचं ऋण मोठं आहे. मात्र आप्पांचं लेप्टिन शाबूत आहे. शिवाय ते प्राणी महाग आणि त्यांची निगा कडक. तूपकट आहार आणि थोडं स्ट्रेप्टोझोटोसिन ही जोडी भारतात बरीच चालते. मोहालीच्या नायपर या औषधशास्त्र संशोधन संस्थेने २००५ मध्ये तिची रीत मांडली : ५८ टक्के उष्मांक चरबीतून येतील असा आहार दोन आठवडे, मग किलोमागे ३५ मिलिग्रॅम विष. आधी इन्शुलिनला दाद न देण्याची अवस्था, मग बीटा पेशींचा थोडा नाश, हा क्रम माणसाच्या टाइप-२ शी मिळताजुळता आहे. लठ्ठ माणसाच्या आजारासाठी मी हीच रीत सुचवली असती.

काटक माणसासाठी तिसरा पर्याय होता. १९९८ मध्ये मासिएल्लो आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोझोटोसिनच्या १५ मिनिटं आधी निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, द्यायची रीत दाखवली. ते एनएडीचा साठा भरून काढतं, त्यामुळे बीटा पेशींचा काही भाग वाचतो. उंदीर लठ्ठ होत नाही, साखर मध्यम चढते आणि बहुधा स्थिर राहते. स्वादुपिंडात इन्शुलिनचा सुमारे ४० टक्के साठा उरतो. इथे ‘आधी दिलेलं संरक्षण’ आपण मुद्दाम आणि मोजून वापरतो, तपासायचं औषध मात्र आजार स्थिरावल्यावरच सुरू करतो. दोन्हींतला हा फरक विद्यार्थिनीला पटकन कळला, समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांना समजावताना मात्र वेळ लागला.

ग्लिबेनक्लामाइडचा मुद्दाही इथेच सुटला. ते औषध जिवंत बीटा पेशींना पिळून इन्शुलिन काढतं. स्ट्रेप्टोझोटोसिनच्या मोठ्या मात्रेनंतर पिळायला पेशीच फारशा उरत नाहीत, तरी कित्येक प्रबंधांत त्याच उंदरात ग्लिबेनक्लामाइडने साखर झपाट्याने उतरल्याचं छापलेलं असतं. असं दिसलं की एकतर पेशी पुरेशा मेल्या नव्हत्या किंवा आकड्यांकडे पुन्हा बघायला हवं. नव्या आराखड्यात या गटाला कसोटीचं काम मिळालं. ग्लिबेनक्लामाइडने साखर उतरली नाही, तर मॉडेलच बसलं नाही, आणि अर्काबद्दल काही बोलायचं नाही.

उंदरांआधी

मात्रेचा हिशेब मी तिला फळ्यावर मांडायला लावला. प्रस्तावातली मोठी मात्रा किलोमागे ४०० मिलिग्रॅम. उंदरावरून माणसाकडे येताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरून ६.२ ने भागतात. येतात सुमारे ६४.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास चार ग्रॅम कोरडा अर्क. लाकडातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर रोजचं चाळीस ग्रॅम लाकूड. आप्पांच्या एका पेल्यातून रात्रीत इतकं उतरणं शक्य नाही, आणि पेला जुना होतो तसं ते आणखी कमी होत जातं. शिवाय आप्पा पाणी पितात, मेथॅनॉल नव्हे. मेथॅनॉलमध्ये उतरतं ते सगळं पाण्यात उतरतंच असं नाही.

तिने पेल्यातलं पाणी आटवलं, तळाचा अंश तोलला आणि त्यावरून उंदराची मात्रा ठरवली. साधीच गोष्ट, पण बिबळ्यावरच्या पुष्कळ प्रबंधांत ती झालेली नसते.

मग प्रश्नाचे तुकडे पाडले. आप्पांची जेवणानंतरची साखर जास्त चढते. बिबळ्याचं पाणी तुरट असतं, त्यात टॅनिनसारखी द्रव्यं असणार. ती आतड्यातल्या स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइमांना अडवत असतील का? हे बघायला मधुमेही उंदीर लागतच नाही. आधी परीक्षानळीत अशाच एका एन्झाइमवर, अल्फा-ग्लुकोसिडेझवर, तपासायचं. तिथे काही दिसलं तर निरोगी उंदरांना एकदा स्टार्च आणि नंतर मधे विश्रांती देऊन एकदा ग्लुकोज पाजायचं, दोन्ही वेळा अर्कासह आणि अर्काविना. स्टार्चनंतरची चढ कमी झाली आणि ग्लुकोजनंतरची झाली नाही, तर अर्क आतड्यात काम करतो आहे. दोन्ही कमी झाल्या, तर पुढे शोधायचं. तेच उंदीर दोन्ही वेळा वापरता येतात, कोणाला विष टोचावं लागत नाही. मला या प्रकरणातला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे, कारण ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या माणसाचा प्रश्न त्यात थेट येतो.

त्यानंतरच निकोटिनामाइड-स्ट्रेप्टोझोटोसिनचा टप्पा : चार गट, प्रत्येकी सहा, एकूण २४. यामागे एक साधा नियम आहे. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची, उत्तर १० ते २० च्या दरम्यान यायला हवं. जुन्या आराखड्यात ४२ वजा ७, म्हणजे ३५. नव्यात २४ वजा ४, म्हणजे नेमके २०. प्राणी कमी झाले आणि उत्तराची शक्यता वाढली. स्ट्रेप्टोझोटोसिननंतर काही प्राणी दगावतात, त्यासाठी थोडे जास्तीचे मागून घेतले, आणि कारण लेखी दिलं.

आणखी एक अट मी आग्रहाने घातली. कोणत्या बाटलीत अर्क आणि कोणत्या बाटलीत नुसतं पाणी, हे साखर मोजणाऱ्या मुलीला कळता कामा नये. बाटल्यांवरचे सांकेतिक क्रमांक तिच्या वर्गमित्राकडे राहतील. ती प्रामाणिक आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण तिच्या घरी पेला आहे, आणि त्याचा गुण यावा असं तिला मनापासून वाटतं. अशा वेळी हात आणि डोळे नकळत झुकतात.

उन्हाळा

एम. फार्म.चं वेळापत्रक आणि खान्देशचं ऊन यांचं जमत नाही. चौथं सत्र जानेवारीत सुरू होतं, प्रबंध मे-जूनपर्यंत द्यायचा असतो, म्हणून प्राण्यांचं काम मार्च-एप्रिलमध्ये येतं. तेव्हा धुळे-जळगावचा पारा चाळिशी ओलांडतो. प्राणीगृहाचं तापमान १८ ते २९ अंशांत ठेवायचं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. एसी आहे, पण वीज जाते, आणि जनरेटरवर एसी चालत नाही.

उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. तो लाळ अंगाला फासतो, शेपटीतून उष्णता सोडतो आणि सगळ्यात आधी खाणं कमी करतो. खाणं कमी झालं की साखर उतरते. सगळ्याच गटांत उतरली तर निदान तुलना तरी करता येते. पण दाराजवळचे पिंजरे एका गटाचे आणि एसीखालचे दुसऱ्या गटाचे असतील, तर औषधाचा म्हणून मोजलेला परिणाम खोलीतल्या जागेचा निघेल. त्यात मधुमेही उंदीर पाणी भयंकर पितो. निरोगी उंदीर दिवसाला शंभर ग्रॅम वजनामागे साधारण दहा मिलिलिटर पितो, मधुमेही त्याच्या कितीतरी पट. रात्रीत बाटली रिकामी झाली की सकाळी तो शुष्क पडतो आणि साखरेचा आकडा वर जातो. तूस रोज बदलावं लागतं, कारण लघवीने ते भिजून जातं.

ठरलं ते असं. विषाचा टप्पा फेब्रुवारी संपण्याआधी पूर्ण करायचा, परीक्षानळीचं काम उन्हाळ्यात ढकलता आलं तरी चालेल. पण परीक्षानळी तर आधी हवी होती. म्हणून तिने ते दिवाळीनंतर लगेच घेतलं आणि वर्गातल्या इतरांपेक्षा बरंच आधी काम सुरू केलं. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या. पिंजऱ्यांच्या जागा ठरावीक दिवसांनी फिरवायच्या. खोलीचं किमान-कमाल तापमान रोज वहीत. रात्रभर उपाशी ठेवण्याऐवजी सकाळी सहा तास उपास, कारण उंदीर रात्री खातो आणि रात्रीचा उपास त्याच्यासाठी आपल्या दिवसभराच्या उपासाहून कडक असतो. रक्त घेताना झायलाझीन हे गुंगीचं औषध वापरायचं नाही, ते इन्शुलिनचा स्राव दाबून साखर चढवतं. विषानंतरच्या पहिल्या रात्री पाण्यात ग्लुकोज, कारण मरणाऱ्या बीटा पेशी साठवलेलं इन्शुलिन एकदम सोडतात आणि उंदीर साखर घसरून मरतो. वीस टक्के वजन घटलं की त्या प्राण्याचा प्रयोग तिथेच थांबवायचा.

प्रयोग झाला. अर्काचे आकडे मी इथे देत नाही, ते तिचे आहेत आणि प्रबंधाची तपासणी व्हायची आहे. मॉडेलबद्दल मात्र सांगता येईल. ग्लिबेनक्लामाइडचा गट कसोटीला उतरला. औषधाविना ठेवलेल्या मधुमेही गटातल्या काही उंदरांची साखर आपोआप खाली आली. अशा रीतीने मधुमेही केलेल्या उंदरांत हे काही वेळा होतं. जुन्या आराखड्यात अर्क तिसऱ्याच दिवशी सुरू होणार होता, आणि अर्काच्या गटात अशी आपोआप झालेली सुधारणा सरळ बिबळ्याच्या नावावर लागली असती. या वेळी दोन आठवडे थांबून, दोनदा मोजून, मगच उंदीर गटांत वाटले होते.

माणसांतला पुरावा

तिने आणखी एक गोष्ट शोधली, आणि ती प्रस्तावात पहिल्या पानावर असायला हवी होती. १९९८ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, विजयसारची माणसांतली चाचणी प्रसिद्ध केली. नव्याने निदान झालेल्या किंवा उपचार न घेतलेल्या, सौम्य मधुमेहाच्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. चाचणी खुली होती, म्हणजे रुग्णाला आणि डॉक्टरला औषध माहीत होतं. तेव्हा आहार, नियमित तपासणी आणि औषध यांचा वाटा वेगळा काढणं कठीण. तरीही आप्पांच्या प्रश्नाला हा पुरावा कोणत्याही उंदरापेक्षा जवळचा आहे. माणसांत हे आधीच पाहिलेलं असताना उंदराकडून काय जाणून घ्यायचं? कसं घडतं ते. किती होईल ते नव्हे.

प्राण्यांनी मधुमेहाच्या शास्त्राला दिलेल्या मोठ्या उत्तरांमागे असाच नेमका प्रश्न होता. १८८९ मध्ये मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं तेव्हा हा अवयव नसेल तर काय होतं, एवढंच पाहायचं होतं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना त्या अवयवातलं द्रव्य परत दिलं तर काय होतं ते पाहायचं होतं. दोन्ही प्रश्नांना स्वादुपिंड काढलेला कुत्राच योग्य उत्तर देणार होता, आणि पुढच्या जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन मिळालं.

प्रबंधाच्या मर्यादांच्या परिच्छेदात तिने लिहिलं : हे उंदीर तरुण आणि नर आहेत, त्यांचा आजार काही आठवड्यांचा आहे, त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याचा भाग जवळपास नाही, म्हणून या निकालावरून माणसाचं औषध कमी किंवा बंद करू नये. शेवटचं वाक्य मार्गदर्शकांनी काढायला सांगितलं होतं, शास्त्रीय लेखनात ते शोभत नाही म्हणून. समितीने ते राहू दिलं, कारण प्रबंध गावात पोचतो तेव्हा तो एका वाक्यात पोचतो, आणि ते वाक्य बहुधा ‘कॉलेजात सिद्ध झालं’ असं असतं. आप्पा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतात. बिबळ्याच्या पाण्याने खरंच साखर उतरत असेल, तर साखर पाडणाऱ्या दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्या शेजाऱ्याला शेतात चक्कर येण्याचा धोका वाढतो, आणि काहीच होत नसेल तर गोळी सोडणाऱ्याचे डोळे आणि मूत्रपिंड जातात. दोन्ही बाजूंनी डॉक्टरला सांगणं भाग आहे. मुलीने आप्पांना एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, तपासायला धुळ्याला नेलं, आणि पेल्याबद्दल डॉक्टरांना स्वतः सांगितलं.

समितीच्या अर्जात आता दोन नवे रकाने आहेत. पहिला : हा प्राणी कोणत्या माणसाच्या आजाराच्या जवळ आहे, आणि कुठे दूर जातो? दुसरा : प्राणी आजारी होण्याआधी औषध देणार आहात का, आणि देणार असाल तर कोणत्या रुग्णाला त्याचा उपयोग होईल? या वर्षी आलेल्या अर्जांपैकी एकाने दुसऱ्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं होतं, आणि आतल्या पानावर संरक्षक गट होता. तो अर्ज परत पाठवला आहे.